खाडीला जागा देणारे घरमालक

रेवसकडच्या आमच्या घरमालकांइतका हट्टी माणूस त्या खाडीच्या दोन्ही तीरांवर झाला नसेल. माझे वडील खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या कामावर सरकारी ओव्हरसियर. मुंबईच्या कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की मी तिथे जाई. घरमालक गावकीचे जुने जाणते. गोठा असो, विहीर असो, देऊळ असो, ते आधी जागेवर जात, मातीची चिमूट जिभेवर ठेवत, थुंकत आणि निकाल देत. आमच्या मोरीच्या चार विटाही माती चाखल्याशिवाय लागल्या नाहीत. मी फारशी बोलत नसे, हे त्यांना पसंत होतं. "बाय, तुझा बापूस लय बोलतो, म्हनून त्याला पानी आयकू येत न्हाय," असं ते वडिलांसमोरच सांगत.

त्या वर्षी फुटलेला बांध नव्याने घालायचा होता. वडिलांनी नकाशावर सरळ रेघ मारली. घरमालकांनी दोन अमावास्यांची उधाणं चिखलात बसून पाहिली आणि काठ्या रोवल्या. त्यांची रेघ गावाकडे चांगलीच आत वळलेली.

"खाडीला पसराय जागा सोडायची, गावकीचा कायदाच हाय, सायेब."

"तुमची खाडी काय बाळंतपणाला माहेरी आलीय?"

"मंग घालवून बघा तिला!"

पंधरा दिवस हेच. म्हातारा स्वतःचं शेत वाचवतोय, अशी वडिलांची खात्री. एकदा मी त्या काठ्या पेन्सिलीने नकाशावर मांडल्या. बांधाबाहेर, खाडीच्या तोंडी, एकच शेत जात होतं. घरमालकांचं. मी नुसतं बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वडील घरमालकांना म्हणाले, "आबा, तुमचंच शेत जातंय."

"मंग? दुसऱ्याचं घालवू?"

बांध काठ्यांवरूनच झाला. ज्याचं शेत जाईल त्याला घरटी एक वाफा द्यायचा, हाही गावकीचाच कायदा. त्यामुळे लावणीला आबा गावभर हिंडत आणि प्रत्येकाला त्याच्या तणावरून झापत. "आता समद्यांच्या शेतात माझा पाय हाय," हे वर ऐटीत.

वडिलांची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी बांधावर गेले. आबा भरतीच्या पाण्याकडे हात करून, कुठे काय पिकायचं ते सांगू लागले. मी धीर करून विचारलं, "वाईट वाटतं?"

"वाटतं ना. वाटलं की मागं वलून गाव बगतो."

त्या संध्याकाळी मात्र ते किती तरी वेळ पाण्याकडेच बघत बसले.