श्रीरंगचा नेम

माझा नवरा श्रीरंग जर्मनीत, एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रांची चाचणी करतो. पूर्ण खात्री पटल्याशिवाय त्याच्या हातून एकही मशीन पुढे जात नाही. ऑफिसात या गुणाचं कौतुक होतं, घरात मी तो भोगते.

काही वर्षांपूर्वी त्याला धनुष्यबाणाने शिकार करायचं वेड लागलं. तेही साध्या लाकडी धनुष्याने. नेम धरायला दुर्बीण वगैरे काही नाही, नुसती नजर आणि हात. जर्मनीत बाणाने शिकार करायला बंदी आहे. म्हणून परवान्याचा अभ्यास इथे, सराव क्लबच्या जंगलात फोमच्या रानडुकरांवर आणि खऱ्या हरणासाठी थेट हंगेरी, असा सगळा उपद्व्याप. बरं, नेम वाईट असता तर मी समजून घेतलं असतं. पण क्लबमधला मानफ्रेड, ज्याने याला शिकवलं, तोच म्हणतो की याचा हात उत्तम आहे. तरी हा हंगेरीहून दोनदा एकही बाण न सोडता परत आला.

"नेमाची खात्री वाटेना गं. बाण भलतीकडे लागला तर जनावर तडफडत राहील."

मग घरी दुरुस्ती सुरू. आधी दोरी बदलली, मग बाण, मग बाणांची पिसं. पिसं चिकटवायचा गोंद माझ्या ओट्यावरून अजून निघालेला नाही. बिघाड काही सापडेना. त्याची समजूत घालून घालून माझं तोंड दुखलं.

यंदा तो जाणंच रद्द करायला निघाला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"या वेळी बाण मार, नाहीतर ते धनुष्य विकून टाक," मी म्हणाले. "तुझी ही रड आता मला ऐकवत नाही."

गेला. रविवारी संध्याकाळी परतला आणि बूट काढता काढता म्हणाला, "नाही मारला."

"आता काय बिघडलं होतं? पिसं?" मी ताट वाढत विचारलं.

"काहीच नाही. हरीण अगदी जवळ, माझ्याकडे बाजू करून उभं होतं. वाराही नव्हता. मला स्वच्छ कळलं, बाण लागणार. आणि मी धनुष्य खाली घेतलं." तो खुर्चीत बसला. "ऊर्मिला, चुकेल म्हणून मी घाबरत नव्हतो. मला ते मारायचंच नव्हतं."

"हे आज सांगतोयस?"

"मलाच आज कळलं. नेम कच्चा आहे म्हणणं सोपं होतं."

मला भयंकर राग आला. इतकी वर्षं मी त्याच्या हाताला धीर देत बसले होते, आणि हाताला काही झालेलंच नव्हतं.

तेवढ्यात मानफ्रेडचा फोन आला. "आल्झो..." म्हणजे 'तर...' एवढंच म्हणून श्रीरंग अडखळला. आता पुन्हा पिसांचं गाऱ्हाणं, असं मला वाटलं.

"बाण लागला असता, मानफ्रेड," तो म्हणाला. "पण मला मारायचं नाही. यापुढेही नाही."

पिसांचं नावही त्याने काढलं नाही. मी ताट झाकलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.