वाफेच्या गावातली गिरणी

पृथ्वीच्या पाठीवर नसलेल्या गावात ज्यांच्या मालकीची पिठाची गिरणी आहे, असे गृहस्थ अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच, आणि ते आमचे व्याही आहेत. व्याही म्हटलं की मान आला आणि मान आला की रुसवा आला. पण आमच्या सूनबाईच्या या वडिलांनी आहेरावरून किंवा पानसुपारीवरून कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यांचा सगळा मान त्यांच्या इंजिनात होता. घोटावड्याला त्यांची डिझेलवर चालणारी गिरणी होती, आणि तिच्या इंजिनाला कुणी नुसतं 'मशीन' म्हटलं तर त्या माणसाचं दळण ते सगळ्यात शेवटी घेत. मुलांच्या साखरपुड्याला आम्ही महाळुंग्याहून दोन गाड्या भरून गेलो, तेव्हा मांडवात गुरुजी होते, कॅमेरावाला होता, फक्त मुलीचे वडील नव्हते. ते मांडवाशेजारच्या आपल्या गिरणीत दळत होते. "बाया डबं घिऊन सकाळधरनं बसल्यात. त्यास्नी काय सांगू, माझ्या पोरीचा साखरपुडा हाय, भाकरी उद्या खावा?" असं त्यांनी नंतर मलाच सुनावलं. तोवर गुरुजींचे मंत्र इंजिनाच्या ठेक्यावर चालले होते. शेवटचा डबा उतरल्यावर व्याही भुवयांवर पीठ घेऊन मांडवात आले आणि त्यांनी आमच्या चिरंजिवांच्या कपाळाला जो टिळा लावला, त्यात कुंकू कमी आणि ज्वारी जास्त होती.

इंजिन गार ठेवायला गिरणीबाहेर पाण्याचा हौद होता. दुपारपर्यंत त्यातलं पाणी कढत होई आणि थंडीच्या दिवसांत निम्मी आळी बादल्या घेऊन अंघोळीचं पाणी न्यायला येई. विहीणबाई हौदापाशी उभ्या राहून कोणी किती नेलं यावर नजर ठेवत आणि उरलेल्या वेळात नवऱ्याला हाका मारत. जेवायला या, पाव्हणे आलेत, देवाला चला. आतून उत्तर ठरलेलं असे, "एवढा डबा हू दे." त्या एवढ्या डब्यातच दोघांचा संसार झाला. मग घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, दुकानांत पिठाच्या पिशव्या आल्या आणि नंबर लावणाऱ्या बायका विरळ झाल्या. विहीणबाई गेल्या, त्याच वर्षी व्याह्यांनी गिरणी बंद केली आणि इंजिन भंगारात दिलं. आम्ही त्यांना आमच्याकडे राहायला बोलावलं. चार दिवस राहिले आणि "हितं लई गप गप वाटतंय" म्हणून परत गेले. आमच्या इमारतीशेजारी दिवसभर नव्या बांधकामाची काँक्रीटचा मिक्सर गडगडत असतो, पण तो काही त्यांच्या कानाला लागला नाही.

सूनबाई हिंजवडीत नोकरी करते. बापाचं मन रमावं म्हणून तिने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. तिची कल्पना, अप्पा कीर्तनं ऐकतील. अप्पांनी कीर्तन पाच मिनिटं ऐकलं आणि "आनखी काय हाय ह्यात?" असं विचारलं. तेव्हा तिने त्यांना एका आभासी जगात नेलं. तिथे आपलं एक बाहुलं करायचं आणि त्याला घेऊन हिंडायचं. देशोदेशीची माणसं अशीच बाहुली घेऊन आलेली असतात आणि त्यांनी नाना तऱ्हेची गावं वसवलेली असतात. त्यातलंच एक गाव स्टीमपंकवाल्यांचं. म्हणजे वीज आलीच नसती आणि सगळं जग वाफेवर चाललं असतं तर काय बहार झाली असती, असं मानणाऱ्या मंडळींचं. जिकडे बघावं तिकडे पितळी नळ्या, दातेरी चाकं, धुराडी, आणि वर आभाळात कापडी फुग्यांखाली लटकलेली जहाजं. पुरुषांना उंच काळ्या टोप्या, बायकांना घेरदार झगे आणि झाडून सगळ्यांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखे चष्मे. हे सगळं बघून व्याही खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसले. इतकी वर्षं आपली माणसं कुठे होती, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांच्या बाहुल्याला लेंगा-सदरा, पांढरी टोपी आणि वर तो चष्मा. गावात पाऊल टाकताच त्यांनी ग्रामदैवत कुठे आहे ते विचारलं. नाही म्हटल्यावर सगळ्यात मोठा बॉयलर बघून त्याच्यापुढे नारळ फोडला. हा नारळ सूनबाईने घाईघाईत करून दिलेला होता, त्यामुळे तो फुटला नाही. उताराने घरंगळत गेला आणि समुद्रात जाऊन तरंगत राहिला. अजून आहे म्हणतात. व्याही मराठीत लिहीत, तिथलं यंत्र त्याचं भाषांतर करी आणि हे प्रत्येकाला आधी "जेवला का?" आणि मग "पाऊसपानी कसं हाय?" असं विचारत. फिनलंडच्या एका गृहस्थांनी आपल्याकडे गुडघाभर बर्फ असल्याचं कळवलं, तर "आन मग पिकाचं काय?" या काळजीने यांना जेवण जाईना.

त्या गावात त्यांनी आपली गिरणी उभी केली. बांधकाम रविवारचा दिवस धरून सूनबाईने केलं आणि देखरेख ह्यांची. हौद हवा, हौदावर वाफ हवी, कोपऱ्यात डिझेलचं पिंप हवं. घोडं अडलं ते आवाजावर. सूनबाईने इंटरनेटवरून इंजिनांचे नाना आवाज काढून दिले, ह्यांनी सगळे नापास केले. "ह्ये दुसऱ्याचं इंजन हाय. माझं मधीच एकदा आवंढा गिळायचं." शेवटी बापलेकीने साखरपुड्याचा व्हिडिओ शोधला आणि मंत्र सुरू व्हायच्या आधीच्या तुकड्यातून तो ठेका उचलला. गिरणी सुरू झाली. आधी डबा ठेवायचा, मग नंबर, हा घोटावड्याचा कायदा तिथेही लागू झाला. त्या गावात इंजिनं पुष्कळ, पण सगळी शोभेची. कुणाला कसलं काम नाही. व्याह्यांच्या गिरणीत मात्र ताटकळावं लागे, आणि ताटकळली की माणसं बोलतात. काळ्या टोप्यांतले सरदार पितळी डबे मांडीवर घेऊन एकमेकांना आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगू लागले.

मग दसरा आला. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्याही सकाळी उठले आणि गावातल्या एकूण एक यंत्राला हळदकुंकवाची बोटं ओढून झेंडूचे हार घालून आले. कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला हार घालताना कोणी परवानगी मागतं का? पण एका हवाई जहाजाच्या मालकाला ते कुंकू म्हणजे रक्त वाटलं. त्याने तक्रार केली. चौकशीला पंच मंडळी गिरणीत आली, आणि त्यांना कोपऱ्यातलं पिंप दिसलं. वाफेच्या गावात डिझेल! रविवारच्या सभेत खुलासा करा, नाहीतर गिरणी पाडू, अशी नोटीस लागली.

मला फोन आला, "पाव्हनं, सभा हाय. तितं यंत्राचं भाषांतर उपेगाचं न्हाई. तुमी हापिसात विंग्रजीत अर्ज खरडत व्हता, तुमीच या." रविवारी सकाळी मी स्कूटर काढून घोटावड्याला गेलो. सूनबाई आधीच येऊन बसली होती. मी व्यवहाराची गोष्ट सांगितली: पिंप काढा, तिथे बॉयलर ठेवा, मिटलं.

"जलमभर डिझेल पाजलं आन आता वाफ म्हनू? त्या इंजनाला काय वाटंल?"

"मग पाडतील ते."

व्याही हळूच म्हणाले, "येकदा माझ्या हातानं भंगारात घातलंय, पाव्हनं. दुसऱ्यांदा न्हाई बघवायचं." तोवर हा सगळा खेळ आहे असं मी धरून चाललो होतो. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

सभा गिरणीतच भरली. अध्यक्षीणबाईंच्या टोपीवर भलं मोठं घड्याळ होतं. व्याही सांगू लागले, "म्हनावं, तुमच्या गावात येवढाली चाकं फिरत्यात, त्यातल्या येकानं तरी मूठभर दळलंय का?" मी लिहिलं, 'माननीय सभेस सविनय निवेदन करण्यात येते की...' व्याही माझ्या बोटांकडे संशयाने बघत म्हणाले, "येवढं लांब म्हनालो व्हतो मी?" तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी इंजिन चालवून दाखवा म्हटलं. व्याह्यांनी बटण दाबलं. ठेका सुरू झाला, मध्येच एकदा आवंढा गिळून पुढे चालला, आणि त्यावर चढत एका बाईचा खणखणीत आवाज आला,

"अवो, बंद करा की ते इंजन! पावनं आल्यात!"

मी चपापलो. विहीणबाईंचा आवाज. आणि ते पाव्हणे म्हणजे आम्ही, नुकतेच गाडीतून उतरलेले. "तेवढं कापून टाकता आलं असतं," सूनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अप्पा कापू देईनात."

कोण बोलतंय आणि काय म्हणतंय, असं सभेने विचारलं. या वेळी मी सविनय वगैरे काही न लावता, ऐकलं ते लिहिलं. व्याही म्हणाले, "मालकीन हाय म्हनावं, गिरनीची." तेही लिहिलं. मग अध्यक्षीणबाईंनी हौदाचं विचारलं. मी गरम पाण्याची, बादल्यांची आणि अंघोळींची सगळी हकिकत सांगितली. थोड्या वेळाने निकाल आला. हौदातून वाफ निघते आणि ती वाफ माणसांच्या उपयोगी पडते; गावाला तेवढं पुरे आहे. पिंप भिंतीआड ठेवावं. गिरणी राहील. जहाजाच्या मालकाने आपला हार असू द्या म्हणून सांगितलं.

मी व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली. पण अध्यक्षीणबाईंचं एक वाक्य अजून उरलं होतं. मी ते मराठीत वाचून दाखवलं: "पाहुणे तर केव्हाचे आलेत. मालकीणबाई सांगतात, तरी इंजिन चालूच कसं?"

ठेक्याचा तुकडा फिरून पहिल्यापासून लागला आणि पडद्यावरून पुन्हा तीच हाक आली. "एवढा डबा..." व्याही सवयीने म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. खोलीत शांतता झाली. हौदावरची वाफ तेवढी पडद्यावर हलत राहिली.

"आलो," ते म्हणाले.

ते सभेला उद्देशून नव्हतं, म्हणून मी ते लिहिलं नाही.