सीलबाईंचं बावखल

सीलबाई कुठल्याही विषयावरून सील या समुद्रातल्या प्राण्यावर यायच्या. निर्मळच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. धडा कुत्र्याचा असो की बर्फाचा, थोड्याच वेळात वर्गात सील हजर. "सील, समुद्रसिंह, वॉलरस, सगळे अस्वल-कुत्र्यांचे भाऊबंद. जमिनीवरून पाण्यात परतलेले." स्वतः त्यांनी सील कधीच पाहिला नव्हता. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "तू देव पाहिलायस?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी विरारची फ्लॅटवाली, 'बावखलं बुजवू नका' अशी पत्रकं वाटत निर्मळला गेले. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. केळी, फुलं, विहिरी सगळं त्याच्यावर जगतं. आणि बिल्डरांचे डंपर ती तळी खुशाल मातीनं भरत होते! बाईंनी पत्रक वाचलं. "घोषणा फार झाल्या. वाचून हादरावं असं एक तरी वाक्य आहे का गं?"

"तुम्हीच सांगा."

"उत्तरेकडच्या बर्फावरची हूडेड सील पिल्लाला चारच दिवस दूध पाजते. मग सोडून निघून जाते."

"चार दिवस? ही कसली आई?"

"दूध निम्म्याहून जास्त चरबी असतं. तेवढ्यात पिल्लू दुप्पट होतं. तुझ्यासारखं पत्रकं वाटत फिरायला तिला वेळ नाही."

दर मे महिन्यात पाणी तळाला गेलं की बाई पदर खोचून घरच्या बावखलात उतरायच्या, गाळ उपसून झरे मोकळे करायच्या. ओट्यावरून धाकटा भाऊ ओरडायचा, "ताई, मजूर लाव. लोक हसतात."

"हसू देत. दक्षिण ध्रुवाकडचा वेडेल सील श्वासासाठी बर्फात भोक ठेवतो. ते गोठू नये म्हणून दातांनी कुरतडत राहतो. तो मजूर लावतो का?"

"आणि दात झिजले की?" मी विचारलं.

"मरतो," म्हणत त्यांनी गाळाचं घमेलं माझ्या हातात दिलं. मी ते काठावर नेऊन ओतलं.

एकदा आम्ही कचेरीसमोर बिल्डरांविरुद्ध घसा फोडून परतलो, बाई सगळ्यांत पुढे. बाईंच्या वाडीत पाहतो तर डंपर मुरूम ओततोय आणि बावखल जवळजवळ बुजलेलं. बिल्डर नव्हताच तिथे. छत्री धरून भाऊच ड्रायव्हरला सांगत होता, "डावीकडे घे, अजून डावीकडे."

आमच्या एकाही पत्रकात घरच्या माणसांबद्दल ओळ नव्हती!

"पोराला बंगला बांधायचाय, ताई," भाऊ म्हणाला. "तळ्यात होतं काय? डास!"

बाई मुरुमावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नवं पत्रक काढ. वर आमच्या घराचं नाव घाल. मोठ्या अक्षरांत."

"बाई, तुम्हाला घरात राहू देतील का?"

"हादरवणारं वाक्य हवं होतं ना? घे."

नाही राहू दिलं. शेवटची वर्षं त्यांनी विरारला भाचीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टँकरची वाट पाहत काढली. मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "शेजारच्या वाडीनं गाळ काढला का?"

काढला होता. पत्रक वाचून शेजाऱ्यांनी ठरवलेला डंपर परत पाठवला होता.

"वेडेलच्या भोकातून दुसरे सीलही श्वास घेतात," बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. कवळी उशाशी काढून ठेवलेली. तोंडात एकही दात नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाई गेल्या. मे महिन्यात शेजारच्या बावखलात मी घमेलं घेऊन उतरते, अजूनही.