अनुभवाचा रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुमच्यासमोरही मी काहीतरी नीटनेटकं रचून सांगितलं असतं. ते मला फार चांगलं जमतं.

आमच्याकडे सविताताई स्वयंपाकाला येतात. येत होत्या नाही — येतात. आम्ही भुकूमला राहतो, नव्या सोसायटीत. त्या कासार आंबोलीहून बसने येतात. घरी शेळ्या आहेत, नवरा बबन शेळ्या राखतो आणि मिळेल तेव्हा बंगल्यांवर मजुरीला जातो. सविताताई बारावी झाल्या आणि लगेच लग्न झालं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांना लकवा मारला. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, वेळेवर गोळ्या देणं — सगळं यांनी केलं. सासरे वर्षानुवर्षं अंथरुणात होते, पण अंगावर एक जखम झाली नाही, असं त्या सांगायच्या. त्यांना अभिमान वाटेल अशी ही एकच गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली.

मी काय करतो? वेबसाइटी बनवतो, घरी बसून. त्या वर्षी पौड रस्त्यावरच्या एका संस्थेचं काम माझ्याकडे होतं. ते लोक रुग्णसेवेचा कोर्स चालवायचे. त्यांचा प्रवेशअर्ज पीडीएफमध्ये होता आणि प्राचार्यबाईंना तो जसाच्या तसा मुलींच्या फोनवर उघडून, तिथल्या तिथे भरता यायला हवा होता. छापायचा नाही, हाताने लिहायचा नाही. अशा कामासाठी तयार एपीआय, म्हणजे आपल्या साइटला जोडून घ्यायचा दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम, मिळतो. त्याला फाइल दिली, की तो समोरच्या माणसाच्या फोनमध्येच पानं उमटवतो आणि छापील चौकोनांच्या जागी टाइप करता येतील असे रकाने बसवतो. पण तो आपल्या साइटमध्ये नीट बसवणं हे माझं काम. प्राचार्यबाईंना मी सांगून ठेवलं होतं — सगळं तपासलंय, कसल्याही फोनवर चालतं.

कोर्सची गोष्ट मीच घरी बोललो, आणि माझी बायको नेहा सविताताईंच्या मागे लागली. "ताई, तुम्हीच करा की हा. तुमच्याइतकं कुणाला येतं?" सविताताई लाजल्या. मग आठवडाभर पोळ्या लाटताना तेच तेच विचारत राहिल्या — वयाचं काय, वर्दी असते का, रात्रपाळी असते का. एके दिवशी म्हणाल्या, "ह्यांनी व्हय म्हनलंय."

संस्थेत मुलींना बोलावून अर्ज भरून घ्यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी सविताताईंना आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, सराव करा. मला फुकटात चाचणी हवी होती, हे खरं. त्यांनी फोनवर मराठी कीबोर्ड काढला. नाव, पत्ता, शिक्षण. पहिल्या पानाच्या तळाशी एक मोठा रकाना होता — ‘रुग्णसेवेचा पूर्वानुभव’. त्यात त्या बराच वेळ लिहीत होत्या. ओठ हलत होते. सासऱ्यांबद्दल लिहीत होत्या, दुसरं काय असणार? मग पान वर सरकवलं, दुसरं पान भरलं, आणि काय लिहिलंय ते बघायला पुन्हा मागे आल्या.

मोठा रकाना कोरा.

"दादा, हितलं गेलं की."

मी पुन्हा लिहायला सांगितलं आणि मागे उभा राहून बघितलं. पुन्हा गेलं. आणि का गेलं ते मला त्याच क्षणी कळलं. फोनवर भार येऊ नये म्हणून नजरेआड गेलेलं पान मी पुसून टाकत होतो आणि माणूस परत आला की नव्याने काढत होतो. पुसण्याआधी मजकूर साठवून ठेवायचा असतो. रकान्याबाहेर बोट टेकवलं, तरच तो साठत होता. मराठीत शेवटचा शब्द अजून जुळत असताना थेट पान सरकवलं, तर त्या रकान्यातलं सगळं जात होतं. मी नेहमी लॅपटॉपवर इंग्रजीत दोन-चार अक्षरं बडवून, टॅब दाबून पुढे जायचो. माझं कधीच गेलं नव्हतं.

चूक माझी होती. हे तुम्ही नीट वाचावं म्हणून पुन्हा लिहितो — चूक माझी होती आणि मला ती समजली होती.

त्यांना मात्र म्हणालो, "तुमच्याकडून पुसलं गेलं असेल. उद्या सावकाश भरा."

का? दुरुस्त करायला लागलो असतो, तर सगळं पुन्हा तपासावं लागलं असतं, प्राचार्यबाईंना कळवावं लागलं असतं. आणि मी हिशोब केला — येणाऱ्या मुली बारावीतून नुकत्याच सुटलेल्या; अनुभव आहे कुणाला? तो रकाना सगळ्या कोराच सोडणार. अडकणार ती एकटी सविताताई. म्हणजे मला ठाऊक होतं — दुसऱ्या दिवशी तिथे नेमकं कोण अडकणार आहे, हे मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

संस्थेच्या वर्गात मुली बाकांवर बसल्या होत्या आणि त्यांच्यात सविताताई, ठेवणीतली साडी नेसून. मी पुढे प्राचार्यबाईंच्या शेजारी. सगळं सुरळीत चाललं होतं. बाई खूश होत्या, त्यांच्या ओळखीच्या आणखी संस्थांना माझं नाव सुचवणार होत्या. आणि मागून आवाज आला.

"दादा, मी भरलं व्हतं. ते गेलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काय झालं असतं मी ‘हो’ म्हणालो असतो तर? थोडी शोभा झाली असती. तेवढीच. पण मी उठलो, हसत हसत त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "भरलं असतं तर दिसलं असतं ना, ताई?"

"न्हाई, भरलं व्हतं. समदं लिवलं व्हतं."

मी त्यांचा फोन हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला, त्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द टाइप केले, बाहेर बोट टेकवलं, पान सरकवलं, परत आणलं. शब्द जागेवर. "बघा. मशीन विसरत नाही." मुली हसल्या. मग मी त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा भरायला लावलं. बोट टेकवायचं असतं हे सांगितलं नाही. त्यांनी घाईघाईने, मान खाली घालून लिहिलं, पान सरकवलं, परत आल्या. कोरा. पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरा. मुली आता तोंडावर हात धरून हसत होत्या. आणि मी — हे लिहायला जड जातंय — मला मजा येऊ लागली होती. मी म्हणालो, "अजून एकदा, ताई. या वेळी खरंच लिहा."

प्राचार्यबाईंनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे खिडकीपाशी. सविताताईंना ऐकू जाईल इतक्या जवळ. "तुमच्याकडे कामाला आहेत ना? वॉर्डात औषध दिलं म्हणतील आणि दिलेलं नसेल, तर आम्ही काय करायचं? घरी कशा आहेत?"

अर्जाचं बाजूला राहू द्या. या प्रश्नाला उत्तर देण्याची मला काहीएक गरज नव्हती. ‘चांगल्या आहेत’ म्हटलं असतं तरी माझं काम सुटलं नसतं. पण माझी चूक पक्की झाकायला मला अजून काहीतरी हवं होतं, आणि ते मला चटकन सुचलं.

"विसरतात हो," मी म्हणालो. "मीठ घातलं म्हणतात आणि भाजी अळणी असते. पण मनाने फार चांगल्या."

असं एकदाही झालेलं नव्हतं. त्यांच्या हातची भाजी अळणी मी एकदाही खाल्लेली नाही.

मी वळलो तेव्हा सविताताई माझ्याकडे बघत होत्या. तुम्हाला वाटेल, रागाने. राग नव्हताच. त्या आठवत होत्या. कुठल्या दिवशी भाजी अळणी झाली, ते आठवायचा प्रयत्न करत होत्या.

त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्याच संध्याकाळी मी ती चूक काढून टाकली. फार वेळ लागला नाही. नंतर आलेल्या सगळ्यांचे अर्ज व्यवस्थित भरले गेले. बाईंनी खरंच माझं नाव पुढे सुचवलं.

सविताताई दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या. नेहाला म्हणाल्या, "न्हाई जमलं, ताई. माझं ध्यान ऱ्हात न्हाई." नेहाला वाईट वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्या दिवसापासून त्या भाजी झाली की वाटीत थोडी काढून नेहाला चाखायला द्यायच्या. गॅस बंद करून पुन्हा येऊन बघायच्या. दारापर्यंत जाऊन परत फिरायच्या — "मी नळ बंद केला व्हता का वो?" मी म्हणायचो, केला होता. त्यांना ते पटायचं, कारण मी सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या गोठ्यात बिबट्या शिरला आणि काही शेळ्या मारून गेला. त्या कामाला आल्या नाहीत, म्हणून नेहा आणि मी गाडी काढून कासार आंबोलीला गेलो. अंगणात माणसं जमली होती. गोठ्याची कडी लावायचं काम सविताताईंचं. बबन सगळ्यांसमोर मला सांगत होता, "हिला इचारलं, कडी लावली व्हती का? तर म्हनती, लावली असंल, न्हाई बी लावली असंल, माझं काय खरं न्हाई. आता काय बोलायचं दादा? तुमीच सांगा, हिच्या डोक्याला काय झालंय?"

सविताताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एरवी कुणी असं बोललं असतं, तर त्यांनी फाडकन उत्तर दिलं असतं, असं नेहा गाडीत म्हणाली. त्या जुन्या सविताताई मलाही माहीत होत्या. तिथे बसलेल्या बाईला स्वतःचंच खरं वाटत नव्हतं.

कडी लावली होती की नव्हती, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण ‘लावली व्हती’ असं ठामपणे म्हणायचं बळ त्या बाईकडून कुणी काढून घेतलं, ते तिथे एका माणसाला माहीत होतं. तो माणूस बबनला म्हणाला, "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

बबनने मान हलवली. शहाण्या माणसाचा सल्ला. त्यांना खरंच दाखवून आणलं. त्यानंतर गोठ्याची कडी त्यांची धाकटी जाऊ लावायला लागली.

इथवर मी घाबरट होतो, असं तुम्ही म्हणाल. चुकीला घाबरलो, बाईंना घाबरलो, मग जुन्या खोट्याला घाबरलो. मीही स्वतःला तसंच सांगत आलो. पण अजून एक उरलंय.

गेल्या महिन्यात नेहा ऑफिसला गेली होती. त्या संस्थेचं काम कधीच संपलंय, प्राचार्यबाई बदलून गेल्यात, त्या अर्जाची आता कुणाला आठवणही नाही. सविताताई ओट्यापाशी होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो. त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा, एक इचारू? रागावू नका."

"विचारा की."

"त्या शाळंत... मी खरंच लिवलं नव्हतं का वो? मला अजून दिसतंय लिवल्यालं. अंथरुणात मामांना कसं वळवायची, ते बी लिवलं व्हतं. मंग वाटतं, ते खरं असंल, तर कडी बी लावली असंल मी."

आता त्यांनी वर बघितलं. मी एक शब्द बोललो असतो, तर त्यांचं सगळं त्यांना परत मिळालं असतं. आणि माझं काय गेलं असतं? त्यांनी मला शिव्याही दिल्या नसत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला कसलीही भीती वाटत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. मी शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचं खरंखोटं मी म्हणेन ते असणार होतं, आणि ते मला — आवडलं.

"नव्हतं लिहिलं, ताई," मी म्हणालो. "मी तिथेच होतो ना."

त्या ओट्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं इचारलं. उगं घोर लागला व्हता जिवाला."

त्यांनी माझं ताट वाढलं. मला भूक लागली होती. मी पोटभर जेवलो.