भागाअक्काच्या आडव्या बाटल्या

चिकलठाण्याच्या एका मंगल कार्यालयात माइक धरून मी वऱ्हाडी मंडळींना पंगतीला बोलावत होतो, तेवढ्यात सुनीलचा फोन आला. "मामा, आई गेली. चक्की सुरू करायला गेली अन् तिथंच बसली." माझा आवाज भाड्यानं मिळतो, लग्न असो, उद्घाटन असो, निवडणूक असो. असा आवाज मध्येच बंद करता येत नाही. मी वरमाईला स्टेजवर बोलावलं, दोन विनोद केले, हशा घेतला आणि मग पडेगावची वाट धरली. अक्काला हे आवडलं असतं. टाळ्या घेतल्याशिवाय मंच सोडू नको, असं तीच म्हणायची...

भागाअक्का माझी मानलेली बहीण. पडेगावात तिची पिठाची चक्की. वस्तीच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं. ते बंद व्हावं म्हणून तिनं दळणाला येणाऱ्या बायांच्या सह्या गोळा केल्या आणि सरकारला बायांचं मतदान घ्यायला लावलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. रिक्षातून ओरडायला मी होतोच, पण खरा प्रचार झाला चक्कीवर. "उभीला हात लावायचा नाय," हे ऐकल्याशिवाय कुणाला पीठच मिळेना. आडवी बाटली जिंकली, दुकान गेलं. त्या दिवसापासून अक्काच्या घरातली प्रत्येक बाटली आडवी. तेलाची, फिनेलची, पाहुण्यापुढं ठेवलेली पाण्याचीसुद्धा. तेल गळायचं. खाली ताटली असायची.

पुढं काही वर्षांनी तिच्या सुनीलच्या खिशात चिमूटभर गांजा सापडला. जामीन झाला, पण कंपनीनं त्याला गेटवरूनच परत पाठवलं आणि खटला संपेपर्यंत दुसरीकडं कुणी दारात उभं करेना. अक्कानं आधी त्याला लाटण्यानं बदडलं आणि मग महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली. मागणी एकच, गांजा कायद्यानं मोकळा करा. दारूचं दुकान बंद पाडणारी बाई गांजासाठी मतं मागतेय म्हटल्यावर वस्ती चाट पडली. मीही.

"अक्का, डोकं फिरलं का तुझं?"

"दुकान बंद करायचं का, हे आम्हाला विचारलं. पोराला आत टाकायचं का, हे कुणी विचारलं नाय. ओढा असं मी म्हणती का? घरी आणला तर लाटणं हायच. पण ते माझं काम हाय, फौजदाराचं नाय."

हा कायदा दिल्लीत होतो, महापालिकेत नाही, असं मी सांगून पाहिलं. "मंग दिल्लीला ऐकू जाईल असं ओरड की. तुला कशाला ठेवलाय?"

चिन्ह मिळालं गॅस सिलिंडर. अक्कानं पत्रकावर तो आडवा छापून घेतला. मी म्हणालो, "अगं, मशीनवर उभा असतो." ती म्हणाली, "आपल्या बायांना आडवंच कळतं. तू गप ओरड." गप राहून कसं ओरडायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही, पण मी ओरडलो. मतदानाच्या दिवशी बाया नटूनथटून रांगेत गेल्या आणि हिरमुसून चक्कीवर आल्या. त्यातली एक म्हणाली, "अक्का, लई शोधला, पण आडवा सिलिंडर कुठंच नव्हता. एक उभा होता. आम्ही हातसुद्धा लावला नाय त्याला!"

अक्का पडली. निकाल ऐकून ती पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "माझ्याच बाया. शिकवलेलं इसरल्या नाय." मला चहा देताना मात्र तिचा आवाज खाली आला. "सुन्या खटल्यातनं सुटला की एक बाटली उभी करीन, बघ..."

मागच्या आठवड्यात पडेगावला गेलो होतो. आता चक्की सुनील चालवतो. त्यानं आत चहा ठेवला. ओट्यावर तेलाची बाटली आडवी पडली होती, झाकणापाशी थेंब जमला होता. माझा हात सहज पुढं गेला आणि मी ती उभी केली. सुनीलनं गॅस बारीक केला, बाटली उचलली, पुन्हा आडवी ठेवली आणि ताटली तिच्याखाली नीट सरकवली.

"तारीख पुढं गेलीय, मामा," तो म्हणाला.