शिकवणाऱ्यांची हजेरी

माझ्या सासऱ्यांइतका विनयशील हुकूमशहा अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. बाबांनी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणारी संस्था काढली. रीतसर नोंदणी, रीतसर कार्यकारिणी, आणि त्या कार्यकारिणीत त्यांच्याशी वाद घालायची छाती असलेला एकही माणूस नाही. नारायण पेठेतला एक बुकबाइंडर दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून झोपतो. बाबांनी त्याला सांगितलं, "आपण निवांत झोपा. किल्ली तेवढी द्या." खानावळीतल्या आणि धुणंभांडी करणाऱ्या बायकांना नेमकी तीच वेळ मोकळी असते, म्हणून वर्ग त्याच दुकानात भरतो. एकदा एका कंपनीचे साहेब संगणक द्यायला आले, सोबत मोठा फलक आणि फोटोवाला घेऊन. बाबांनी त्यांना पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि धडा संपेपर्यंत हलू दिलं नाही. जाताना साहेबांनी अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहिल्या. त्या वाचून बाबा अत्यंत आदराने म्हणाले, "आपलं अक्षर जरा कच्चं आहे. मंगळवारीही येत चला."

पण संस्थेचा सगळ्यात तऱ्हेवाईक नियम हजेरीचा. इथे हजेरी शिकवणाऱ्यांची, आणि ती घेणार शिकणारे, पाळीपाळीने. दिवसभर उभं राहून काम करणारी माणसं इथवर येतात, त्यांची कसली हजेरी घ्यायची, चुकारपणा झाला तर तो आपल्याकडून होणार, असं बाबांचं म्हणणं. मी सकाळच्या शाळेत वीस वर्षं शिकवते आणि दुपारी इथे, त्यामुळे हे मला चांगलंच झोंबलं होतं. पण सासऱ्यांपुढे बोलणार कोण!

आमच्या वर्गात सुशीलाबाई होत्या. खानावळीत पोळ्या लाटायच्या. पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात त्यांनी नागपूरला नोकरी करणाऱ्या लेकीला, मला वाचता येतं, असं ठोकून दिलं. लेक हरखली आणि रोज दुपारी फोनवर लिहून निरोप पाठवू लागली. सुशीलाबाई तो गुपचूप शेजारणीला दाखवत. शेजारीण ओझरतं बघून सांगे, "बरी हाय म्हणती." रविवारी फोन आला की 'वाचला गं' म्हणून त्या वेळ मारून नेत. असे सहा महिने गेले. अक्षरं ओळखू येत होती, शब्द काही जुळत नव्हता. शेवटी एक दिवस त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. लेकीला खरं काय ते सांगून टाकते."

नेमकी तेव्हाच मी भाजीची पिशवी घेऊन वीस मिनिटं उशिरा पोहोचले. बाबांनी सुशीलाबाईंची समजूत घातली नाही, की मला काही विचारलं नाही. हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला. "जायचं तर अवश्य जा. पण आजची पाळी आपली आहे. जे खरं असेल ते लिहा."

ओठ हलवत, खोडत, सुशीलाबाई लिहू लागल्या. मी पिशवीसकट उभी. मदतीला तोंड उघडलं की बाबा माझ्याकडे बघत. बऱ्याच वेळाने माझ्या नावापुढे वाकड्यातिकड्या अक्षरांत उमटलं, 'उशीर'. कुणी न सांगता त्यांनी जुळवलेला पहिला शब्द. बाबांनी पेढे मागवले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला.

सुशीलाबाई गेल्या नाहीत. महिनाभराने त्यांनी वर्गातच फोन काढला आणि एकेका अक्षराखाली बोट धरून लेकीने लिहिलेलं वाचलं. मग आदल्या दिवशीचं वाचलं, त्याच्या आदल्या दिवशीचंही. सगळीकडे एकच ओळ होती, 'आई, जेवलीस का?'

"रोज ह्येच इचारती व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "आन् म्या एकदाबी उत्तर दिलं न्हाई."

'जेवले बाळा' लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. इतकी वर्षं शिकवून मी असा धडा पाहिला नव्हता. तो बाबांमुळे पाहिला, आणि हे ऋण मी मनापासून मानते. त्या दिवशी घरी येताना लक्ष्मी रोडला बाबा थांबले. मग म्हणाले, "सात महिने ती पोर वाट बघत होती हो. आपण आणखी लवकर शिकवायला हवं होतं."

त्यांचा हात धरून मी रस्ता ओलांडला.