जात्यापलीकडं धरलेला माईक

भाटघरकडनं एक माणूस माझ्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायला आला हुता. नाव त्यानं सांगितलं न्हाई, म्याबी इचारलं न्हाई. गप ऱ्हावा म्हणायचं असलं की नुसता पंजा वर करायचा.

आधी त्यानं माझ्या पदराला बारका माईक लावला. त्यात बांगड्याच लई वाजल्या. मग गोल माईक ठिवला, तर त्यात कोंबड्या, एस्टीचा हॉर्न, समदंच शिरलं. शेवटी केसाळ टोपडं घातलेला लांब माईक काढला.

म्हणला, "आजी, ह्यो ज्याच्याकडं तोंड करंल, त्याचंच ऐकतो."

आमच्यात पयली ओळ एकीनं म्हणायची, दुसरी समोरचीनं. समोर माझी जाऊ बसायची. दोघी रांडाव, दळणं दळून पोरं वाढवली. ती गेली आन तिच्या ओळी मला काय केल्या आठवंनात. म्हणून पयली ओळ म्हणून मी नुसतीच थांबते.

कानाला हेडफोन लावून, मशीनवरनं नजर न काढता त्यो म्हणला, "समोरच्या बाईंना जरा जोरात म्हणाया सांगा."

"येडा का खुळा तू? हितं मी एकलीच हाय."

त्यानं डोळं मिटलं. माईक माझ्यावरनं काढून जावंच्या मोकळ्या पाटाकडं वळवला आन हेडफोन माझ्या कानावर ठिवला.

म्या जातं फिरवत पयली ओळ म्हणली. समोरनं कुणीतरी दम घेतला, ओळ उचलायच्या आधी घेत्यात तसा.

"बंद करू का, आजी?"

"नगं. जातं थांबलं तर ती म्हणायची न्हाई."

माईक त्यानं तितनं हलवला न्हाई.